सांडूचं घर शोधताना

सोयरीक जुळवणाऱ्या माणसाला थोडं वाढवून बोलावंच लागतं. मी आजवर चाळीस-एक लग्नं जुळवली, आणि त्यातला एकही नवरदेव मी सांगितला तितका उंच नव्हता. पण सांडूच्या घराबद्दल जे बोललो, त्यानं माझी पार फजिती केली. "घर म्हणजे असं, की लांबून नजरेत भरतं," असं मुलीच्या बापाला, भुजंगला, मी छातीठोकपणे सांगून आलो होतो.

रझाकारांच्या गडबडीच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. सांडू सुगंधाबाईचा एकुलता एक. बाप लवकर गेलेला, दारी पन्नास मेंढरं आणि डोंगराकडेला थोडी मुरमाड जमीन. त्याचं पहिलं घर पत्र्याचं होतं. एकदा वळवाच्या वाऱ्यानं पत्रे उडाले, ते थेट शेजारच्या शिवारात जाऊन पडले. दुसऱ्या कोणी पत्र्यांवर आणखी दगड ठेवले असते. सांडू दोन दिवस डोंगराकडे बघत बसला आणि म्हणाला, "एवढा वारा खाऊन ह्यो हालत न्हाई. मंग आपुन बी याच्यावानीच बसावं."

त्यानं उतारातच खणलं. मागची भिंत डोंगराची, बाजूच्या भिंती तिथंच निघालेल्या दगडांच्या, वर बाभळीच्या तुळया, त्यांवर तुराट्या आणि त्यावर वीतभर पांढरी माती. हे धाबं उताराला त्यानं असं मिळवलं, की डोंगर कुठं संपला आणि घर कुठं सुरू झालं ते वरून येणाऱ्याला कळू नये. पुढच्या पावसाळ्यात त्यावर कुसळी गवत माजलं आणि लोकांनी नाव ठेवलं, सांडूचं बीळ. सांडू खूश! त्याची आई मात्र खूश नव्हती, कारण पोराला सव्विसावं लागलं तरी लग्न जमेना. दोन स्थळं घर बाहेरूनच बघून परत गेली होती. "रखमाजीभाऊ," ती मला म्हणाली होती, "ही तिसरी. ही बी गेली तर माझा पोरगा तसाच राह्यतो."

चैत्रातल्या उन्हात मी भुजंगला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला, जयवंताबाईला, घर दाखवायला घेऊन निघालो. आमच्यात रीत अशी, की पसंती सांगेपर्यंत मुलीच्या बापानं मुलाकडचं पाणी घ्यायचं नाही. घेतलं म्हणजे पोर दिली. शहाणे बाप निघतानाच पोटभर पिऊन घेतात. भुजंगही प्याला होता, पण माझ्या बोलण्याच्या हिशेबानं, बेतानंच. घर लांबूनच दिसणार होतं ना!

घर काही दिसेना. मी ते पावसाळ्यात पाहिलं होतं, हिरवंगार. आता सगळा डोंगर वाळून एका रंगाचा झालेला. एकच ओढा आम्ही दोनदा ओलांडला. "रखमाजी, ह्यो दगड मघाशी भेटला व्हता का आपल्याला?" जयवंताबाईनं फार गोड आवाजात विचारलं. मी वर आभाळाकडे पाहिलं.

शेवटी एका हिवराच्या सावलीत भुजंगनं बूड टेकलं आणि तोंड सोडलं. "नजरेत भरतं म्हणं! ह्यानं घर बांधलं का सपनात पाह्यलं? माझी लेक झुंबर काय उघड्या माळावर टाकू?"

एवढ्यात चार पावलांवर, उताराखालून, एक बाई तांब्या घेऊन वर आली. मी तिला ओळखलं, काही बोलणार, तोवर भुजंगनं तांब्या तोंडाला लावलासुद्धा. घटाघटा पिऊन, मिशा पुसून तो म्हणाला, "देवासारख्या भेटल्या, बाई. इथं कुण्या सांडूचं घर हाय म्हणतेत, ते कुठं?"

"तुमी त्याच्यावरच बसले, पाव्हणं," सुगंधाबाई म्हणाली. "मघापासून खाली समदं आयकून राह्यले मी."

पाण्याची रीत तिला ठाऊक नव्हती, असं कोणी समजू नये.

भुजंग इंगळी डसल्यासारखा उठला. "हे पाणी बिलकुल धरायचं न्हाई! घर दिसायच्या आधी पेलो मी."

"घरावर बसून पेला," मी म्हटलं. एवढं बोलायचा हक्क मला होता.

आमचं असं चाललेलं असताना जयवंताबाई गुपचूप खाली उतरून आत गेली होती. भुजंगनं चार हाका मारल्या. आम्ही आत शिरलो, तर बाई घोंगडीवर आडवी झालेली. "भाईर ऊन पेटलंय, अन् इथं मला पांघरून घ्यावं वाटून राह्यलं," ती डोळे न उघडता म्हणाली. "पोर सुखात राहील, भुजंगा. अन् पाणी तर तू पेलाच."

सांडूही मेंढरं सोडून धावत आला होता. त्याच्यादेखत भुजंगनं भिंतीवरून हात फिरवला, तुळया निरखल्या आणि उंबऱ्यावर बसला. राग उतरला होता, पण चेहरा उजळला नव्हता.

"घर चांगलं हाय, मला बी कळतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "पण मी दर आठवड्याला खालच्या वाटेनं मंठ्याच्या बाजाराला जातो. पोरीचं घर म्हणून जाता-येता मान वर करून बघावं, तर मला काय दिसंल? नुसता डोंगर. लेक दिली का डोंगरानं गिळली, कसं कळायचं मला?"

वारा, ऊन, पाऊस, कशाबद्दलही विचारा, सांडूकडे उत्तर तयार असायचं. आता मात्र तो खालच्या वाटेकडे बघू लागला. मलाही दोन लेकी आहेत, दोन्ही लांब दिल्यात.

"वाटेकडची भिंत पांढरी करतो, मामा," सांडू शेवटी म्हणाला. डोंगराला ठिगळ नको म्हणून सख्ख्या आईला दारापुढं ओटा घालू न देणारा माणूस हे बोलत होता.

लग्न वैशाखात झालं. पुढं दर बाजारी भुजंग त्या वाटेवर गाडी थांबवायचा. करड्या उतारावर तळहाताएवढा पांढरा तुकडा दिसायचा, आणि कधीकधी त्यावर एक काळा ठिपका हलायचा. "ती बघा, माझी झुंबर," तो गाडीतल्या सगळ्यांना दाखवायचा. त्या ठिपक्याला चार पाय असावेत, असं मला एक-दोनदा स्पष्ट वाटलं. तरी मी डोळ्यांवर हात धरून म्हणायचो, "व्हय, झुंबरच ती."