विहीणबाईंशी हवापाणी

घोटावड्याच्या चंद्रकलाबाईंच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती. पण लेक प्रियदर्शिनी जपानात नांदायला गेली आणि बाईंची जीभच लुळी पडली. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर जपानी विहीणबाई कमरेतून वाकायच्या, आणि बाई लेकीनं पढवलेलं एकुलतं एक वाक्य म्हणायच्या, "ई ओतेन्की देस ने." म्हणजे, हवा छान आहे, नाही का! आधी हवेचं बोलायचं, ही तिकडची रीत.

या रविवारी लेकीचे डोळे सुजलेले दिसले.

"का गं, रडलीस?"

"न्हाई आई. झोप न्हाई झाली."

"मला शिकवू नगंस. इचार तुझ्या सासूला, माझ्या पोरीला काय झालंय म्हणून. इचार आत्ता!"

प्रियदर्शिनी सासूकडं वळून जपानीत काहीतरी बोलली. विहीणबाई हसल्या, गोड आवाजात बराच वेळ बोलल्या.

"काय म्हनल्या?"

"तिकडं ऊन लई हाय का, इचारत्यात."

पोरीनं प्रश्न गिळला, हे बाईंना कळलं. ओठावर शिव्या दाटल्या, पण विहिणीला कळेल अशी त्यातली एकही नव्हती. शेवटी त्यांनी विहिणीकडं रोखून बघत, भांडायच्या आवाजात म्हटलं, "ई ओतेन्की देस ने!"

विहीणबाई हरखल्या. लगबगीनं फोन उचलून त्या खिडकीबाहेरचं निळं आभाळ दाखवायला लागल्या. लेकीचा चेहरा पडद्यावरून गेला, आणि फोन माघारी फिरवा, एवढंही बाईंना सांगता येईना.