अर्धा आटा सैल

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. जुना म्हणा, पोचे पडलेला म्हणा, राग नाही. पण गळका म्हणालात तर याद राखा. अस्सल पितळेचा आहे मी. वसईजवळच्या गिरीज गावात ज्या घरी मी राहतो, तिथे हल्ली लहानथोर सगळे मला 'गळका तांब्या' म्हणतात. म्हणून आज बोलावं लागतंय.

तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. साध्या तांब्यासारखाच मी, फक्त माझ्या गळ्याला बाहेरून आटे आहेत आणि झाकणाला आतून. झाकण फिरवत नेलं की असं बसतं, की उलटा टांगला तरी थेंब पडायचा नाही. पूर्वी प्रवासाला निघालेली माणसं मला घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत.

एका तांबटानं मला घडवलं. तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं. तेव्हा इतका मार खाल्ला, की पुढं कुणाच्या बोलण्याचं काही वाटेनासं झालं. मग मी उंबरगावच्या बाजारात एका दुकानात जाऊन बसलो. तिथं जवळच्या गावचा एक शेतकरी आला. त्यानं माझ्यात पाणी भरलं, झाकण लावलं आणि स्वतःच्या धुतल्या, पांढऱ्या धोतरावर मला उलटा धरला. दुकानदार बघतच राहिला. धोतर कोरडंच. "हाच द्या," तो म्हणाला, "लेकीला द्यायचाय."

लेक म्हणजे आमची धोंडूबाई. तिचं सासर ठरलं गिरीजला, नथूच्या घरी. पाठवणीच्या वेळी बापानं घरच्या विहिरीचं पाणी माझ्यात भरून मला तिच्या हाती दिलं. म्हणाला, "रडून रडून घसा सुकला तर पी."

"मी कशाला रडू? रडतील मला नेनारे," ती म्हणाली. जीभ अशी जन्मापासूनच. पण गाव मागं पडलं, तसा तिनं मला पोटाशी घट्ट धरला, तो गिरीज येईपर्यंत सोडला नाही.

नथूची केळीची वाडी. दुपारी धोंडूबाई मला भरून वाडीत न्यायची. झाकण लावून झालं की वर एक हिसका द्यायची. तो हिसका फक्त तिचा. मग झाकण दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडायचं नाही. नथू तहानेनं कासावीस होऊन मला दोन्ही गुडघ्यांत धरून झटायचा आणि ती बांधावर बसून हसायची. "तांब्या उघडवत नाय, नि केळी लावतायत!" कल्पेश जन्माला आला तेव्हा दवाखान्यात मी, त्याच्या परीक्षेला मी. आळीतल्या बाया देवाला निघाल्या की मला मागून न्यायच्या आणि परत देताना चिंचेनं घासून द्यायच्या. असे माझे दिवस होते.

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. मी माळ्यावर गेलो. अंगावर काळपट पुटं चढली. कल्पेशची बायको रीमा एकदा माळा झाडायला चढली, तिनं मला फुंकर मारून पाहिलं. "आई, यात मनीप्लांट काय मस्त दिसेल!"

"तुझ्या डोक्यात लाव मनीप्लांट," खालून आवाज आला. रीमा हसली आणि मी वाचलो.

आता मुद्द्याचं सांगतो. धोंडूबाईचा थोरला भाऊ जयराम माहेरच्या घरी राहतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचं, अल्पेशचं लग्न निघालं. त्यांच्यात हळदीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून भरून आणायचा मान आत्याचा. धोंडूबाईनं मला घासून आरसा केला आणि निघाली. वाटेत गाडी बंद पडली. पोचली तेव्हा मुहूर्ताच्या घाईत वहिनीच्या बहिणीनं पाणी भरून ओतलंही होतं. अल्पेश निथळत पाटावर बसलेला. धोंडूबाई मला हातात घेऊन मांडवाच्या दारात उभी. मग तिचा आवाज चढला.

"ज्या विहिरीचं पानी मला भरू दिलं नाय, त्या विहिरीचा घोट या जन्मात घेनार नाय!"

मला रिकामाच घेऊन ती परतली. भाऊही तिच्याच बापाचा. तो समजूत काढायला आला नाही, ही गेली नाही. अल्पेशला मूल झालं, तेही तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

पण भाऊबीज आली की ती अंगणात पाट मांडायची आणि चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात, मित्रांनो. हिचा भाऊ तर धडधाकट होता. नथू ओट्यावरून गुपचूप बघायचा. मागच्या दिवाळीत ओवाळता ओवाळता निरांजन विझलं. त्या रात्री नथू जेवला नाही.

पुढच्या महिन्यात रीमानं टूम काढली. "आईबाबा दोघंच कधी कुठे गेलेच नाहीत. वीकेंडला महाबळेश्वरला पाठवू या."

"बोर्डी," नथू म्हणाला.

"अहो बाबा, समुद्र तर आपल्याकडे भुईगावलापण आहे!"

"बोर्डी," नथू पुन्हा म्हणाला. तो एक शब्द दोनदा बोलला म्हणजे पक्कं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोर्डीच्या पुढं झाई, आणि झाई संपली की गुजरात. तिथून माहेर हाकेच्या अंतरावर. धोंडूबाईनं फक्त मला माळ्यावरून उतरवलं, चिंच लावून घासलं. वर घरच्या पाण्याचा कॅनही बांधून घेतला. "तिकडलं पानी मला चालनार नाय," एवढंच म्हणाली.

शनिवारी दोघं फिरली. सुरूच्या बनात बसली. धोंडूबाईनं वाळूवर नजर टाकली. "एवढी जागा मोकळी पडलीय, कुनी एक केळ लावली नाय." चिकूच्या वाडीत जाऊन तिनं मालकालाच खत कसं घालायचं ते ऐकवलं. खोलीत एसी लावला, तर म्हणे, "पांघरून घेऊनच झोपायचं, तर गार कशाला करायचं?" पण संध्याकाळी लाटांत पाय बुडवून उभी राहिली, तेव्हा नथूनं मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि ती चक्क हसली. मी वाळूवर होतो. मला वाटलं, ही परत नवी नवरी झाली.

रविवारी सकाळी नथू म्हणाला, "उंबरगावचा बाजार बघून येऊ."

"बाजारच ना? रिक्षा भलतीकडं वळली तर उडी मारीन."

ती वेणी घालायला आरशासमोर बसली. नथूनं मला उचललं. तिचा हिसका त्यानं आयुष्यभर सोसलेला. आज गुडघ्यांत धरून, दात आवळून, त्यानं झाकण उघडलंच. आणि परत लावताना अर्धा आटा सैल ठेवलं. मग मला पिशवीत उभा ठेवायचा, तर आडवा ठेवला आणि कॅन खोलीवरच सोडून, पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसला. मी काय करणार? हात असते तर कान धरला असता त्याचा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गळ्यातून पाणी पाझरत होतं.

झाई मागं पडली. सरहद्दीच्या नाक्यावर पोलिसानं रिक्षा थांबवली. गुजरातेत दारू न्यायची बंदी, म्हणून पिशव्या बघतात. त्याची नजर नथूच्या ओल्या पँटवर गेली आणि तिथेच अडकली.

"वय झालंय यांचं," धोंडूबाई म्हणाली. "तू नको बघू, तुझं पन व्हनार हाय."

पोलीस ओशाळला. पिशवीत हात घालून त्यानं मला काढलं. "माजी, आमां शुं छे?"

"पानी हाय. गिरीजचं. तान लागलीय तर पी."

त्यानं माझं झाकण दोन बोटांनी उघडलं. दोन बोटांनी! धोंडूबाईनं ते पाहिलं. मग नथूकडं पाहिलं. नथू समोरच्या ताडाच्या झाडाकडं बघत होता, जणू जन्मात ताड पाहिला नव्हता.

पोलिसानं मला परत दिलं. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. तिनं झाकण लावलं. मी हिसक्याची वाट पाहत होतो. हिसका आला नाही. तिनंही अर्धा आटा सैलच ठेवलं आणि मला पिशवीत होता तसा आडवा ठेवला.

रिक्षा बाजाराकडं न जाता आत वळली. तिनं उडी मारली नाही. नुसता पदर सारखा केला.

ओट्यावर जयराम बसला होता. बहिणीला बघून भिंतीला धरून उठला.

"आलीस?"

"यांचा रस्ता चुकला."

"बस तरी."

ती पायरीच्या कडेला टेकली. ऊन चढलं होतं. वहिनी पाण्याचा पेला घेऊन आली. धोंडूबाईनं तिकडं पाहिलं नाही. "माझं पानी हाय माझ्याकडं." तिनं मला काढलं, ओंजळीवर उलटा केला. थेंब नाही. वहिनी पेला घेऊन तशीच उभी. तो पेला धोंडूबाईनं घेतला असता तर शपथ मोडली असती, नसता घेतला तर भाऊ तुटला असता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जयराम पायरी उतरला. त्यानं मला तिच्या हातातून घेतलं आणि माझ्या पोटावरून अंगठा फिरवला. "बाबांनी धोतरावर उलटा केलेला, तोच ना?" मग तो विहिरीकडं चालू लागला. काठावरचा दोर आणि बादली त्यानं बहिणीपुढं धरली.

"पानी तू भर. अल्पेशच्या हळदीचं पानी तुझं राह्यलंय. मी तवा थांबायला पायजे होतं."

अल्पेश नेमका बाहेर आला. पोट सुटलेलं, केस विरळ. "काय आत्या, आता? माझी पोरगी शाळेत जाते!"

"मान माझा हाय तर मुहूर्त पन माझाच. बस खाली, गाढवा!"

ती बादली ओढताना नथू मदतीला सरसावला, तिनं कोपरानं त्याला बाजूला केलं. मला काठोकाठ भरलं आणि अल्पेशच्या टकलावर ओतलं. तो कुडकुडत हसत होता, वहिनी पदर डोळ्याला लावत होती. दुसऱ्यांदा भरलं, ते धोंडूबाई स्वतः प्यायली. तोंड वर करून, घटाघटा. पाठवणीच्या दिवशी न रडलेलं सगळं तेव्हा गालांवरून माझ्या काठावर आलं. त्या विहिरीचं पाणी गोड आहे, मित्रांनो. त्या दिवशी थोडं खारट लागलं.

परतताना नाका ओलांडल्यावर ती म्हणाली, "कल्पेशचे बाबा, पँट सुकली का?"

"सुकली."

"पुन्यांदा माझ्या तांब्याला हात लावाल तर विचारून लावा."

नथू चपापला. "तुला कळलेलं? मग नाक्यावर घट्ट का नाय केलास?"

ती बाहेर बघत राहिली. "हात दुखत होता."

घरी आल्यावर रीमानं विचारलंच. "आई, तुम्ही तिथलं पाणी प्यायलात?"

"मी कशाला पिते? हा मेला तांब्या गळला, म्हनून प्यावं लागलं."

तेव्हापासून मी गळका. या भाऊबीजेला जयराम गिरीजला आला आणि धोंडूबाईनं चंद्राकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तिचा शब्द खाली पडू नये म्हणून मी हे नाव सोसतो. तुम्हाला खरं सांगितलं, ते तुमच्यापाशीच ठेवा.

आणि मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला खाली उतरवा, चिंचेनं घासा, उन्हात वाळवा. झाकण प्रवासात जरूर घट्ट लावा. पण घरी पोचल्यावर अर्धा आटा सैल करा. वर्षानुवर्षं आवळून ठेवलं की आत हिरवा कळंक चढतो, आणि मग कितीही तहान लागली तरी ते उघडत नाही.