व्हॅन सुनेच्या नावावर

"ह्या बाकावर बसवूनच लोकांकडून गुन्हे कबूल करून घेत असतील," सासरे सुनेच्या कानाशी पुटपुटले. "पाठीचा पार खुळखुळा झाला."

एरवी त्यांच्या कुरकुरीला तिच्याकडे हमखास उत्तर असे. आज वकीलबाईंच्या खोलीत घरचे पाचही जण दाटीवाटीने बसले होते, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

घरची बेकरी होती. पहाटे पावाची व्हॅन घेऊन सूनच गल्लीबोळ पालथे घालायची आणि व्हॅनही तिच्याच नावावर होती. पण घरचे पुरुष बरोबर असले की स्टिअरिंग त्यांचं, तिने मागे बसायचं, हा घरातला शिरस्ता. परवा नणंदेकडून जेवून परततानाही तेच झालं. नवऱ्याला धड उभं राहवत नव्हतं, म्हणून धाकट्या दिराने गाडी घेतली. वळणावर सायकलवरून जाणारा एक पहारेकरी उडाला. तो बिचारा मांडीचं हाड मोडून इस्पितळात होता आणि दीर प्यायलेला होता हे तपासणीत निघालंच होतं.

"यांच्यावर खटला होणार," वकीलबाई दिराकडे पाहत म्हणाल्या. "लायसन्स जाईल, कैदही होऊ शकते. विमा कंपनी बहुधा हात झटकेल. प्रश्न यांच्या वहिनींचा आहे. प्यायलेल्याच्या हाती जाणूनबुजून गाडी देणं हाही गुन्हाच. किल्ली कुणी दिली?"

"त्यानं आपली आपणच घेतली," नवरा म्हणाला.

"म्हणजे चोरली?"

"चोरली कशी? घरचीच गाडी."

"मग दिली."

"दिली असंही नाही," सासरे म्हणाले. "ती आपली... गेली."

"किल्लीला पाय फुटले का हो, काका?"

दीर खाली मान घालून बसला होता. "वहिनी, मी हिसकावली म्हणून सांग. मी तर बुडालोच आहे."

"गप बस रे," ती म्हणाली. मोकळ्या मैदानात, मागे रिकामे ट्रे खडखडत असताना, तिनेच त्याला गाडी शिकवली होती. हिसकावली म्हणावं तर त्याच्या गळ्यातला फास आणखी आवळणार. दिली म्हणावं तर तिचंही लायसन्स जाणार, आणि मग पाव काय डोक्यावरून वाहायचे?

आणि खरं सांगावं तर? त्या रात्री किल्ली तिच्या मुठीत होती, ड्रायव्हरच्या बाजूचं दारही तिने उघडलं होतं. सासूबाईंनी हळूच तिची बोटं सोडवली होती. "राहू दे गं, लेकीच्या सासरचे बघतायत. त्याला दे." आणि ती मुकाट्याने मागे जाऊन बसली होती. हेच तिला खात होतं.

"बरोबर बसलेल्यांपैकी ते प्यायलेत हे कुणाला ठाऊक होतं?" वकीलबाईंनी विचारलं. "नीट आठवून सांगा. कोर्टात हेच विचारतील."

"छे हो!" सासरे म्हणाले. नवऱ्यानेही मान हलवली. सून सासूबाईंकडे बघू लागली.

सासूबाई बाकावरच पुढे सरकल्या. पर्सचा बंद दोन्ही हातांनी पिळत त्या म्हणाल्या, "वास येत होता. आम्हा सगळ्यांना येत होता. तरी हिच्या हातातली किल्ली काढून मी त्याला दिली."