फाट्यावर थांबणारी गाडी

ब्रेकचं पेडल कोणी न दाबता खाली गेलं आणि पांढरा ट्रक फाट्यावर अलगद थांबला. प्रेमराजचे हात मांडीवर होते. कंपनीचा नियमच तसा होता: गाडी चुकली तरच स्टेअरिंगला हात लावायचा. जळगावहून पाइप भरून धुळ्याच्या गोदामापर्यंत गाडी आपली आपण जायची. ड्रायव्हर असून तो नुसता बसलेला असायचा.

पारोळ्याच्या अलीकडे पुलाचं काम चालू होतं. रस्त्याची एकच पट्टी खुली होती. गाव रस्त्याच्या एका बाजूला, शेतं दुसऱ्या बाजूला. कापूस वेचायला निघालेल्या बायका ट्रकसमोरून घाईने पार झाल्या. सगळ्यांत मागे एक म्हातारी होती. रस्त्याच्या मधोमध येऊन तिने काचेतून प्रेमराजकडे पाहिलं आणि हात वर केला. त्यानेही केला.

"ओळखीच्या आहेत?" मागच्या सीटवरून मोहिनीने विचारलं. ती कंपनीची इंजिनिअर. चाचणी संपेपर्यंत ती रोज बरोबर असायची.

"नाही ताई. रोज दिसतात."

खरं तर याच रस्त्याने त्याने वर्षानुवर्षं केळी वाहिली होती. केळीची गाडी रखडली की माल पिकतो आणि पुढे व्यापारी नाक मुरडतो. फाटा आला की हॉर्नवर हात ठेवायचा आणि निघायचं. तेव्हा या बायका कुठे उभ्या असायच्या, ते आठवून पाहिलं तरी त्याला आठवेना.

गाडी पुन्हा चालू लागली.

"ताई, हिला बाई दिसते, की नुसतं काहीतरी आडवं आलेलं दिसतं?"

"माणूस ओळखते ती. कडेला उभा असला आणि ओलांडेलसं वाटलं, तरी थांबते."

"पण तसं वाटतं कसं तिला?"

मोहिनीने लॅपटॉपवरून मान वर केली. "लाखो माणसं दाखवलीत तिला."

"मी काय कमी पाहिली?" प्रेमराज म्हणाला, आणि मग दोघंही हसली.

एका सकाळी म्हातारी रस्ता न ओलांडता थेट खिडकीखाली आली. पदरात भुईमुगाच्या ओल्या शेंगा होत्या.

"घे भाऊ. मी शेवंताबाई. इतल्या गाड्या जातस, पन तूच एक थांबस."

प्रेमराजने मागे पाहिलं. मोहिनी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती, पण तिच्या ओठांवर हसू होतं.

"आक्का, मी नही थांबाडस. गाडी आपोआप थांबस."

"आपोआप ते मना बैल बी नही थांबस," शेवंताबाई म्हणाली. मागच्या बायका खिदळल्या. "उगा लाजू नको. घे."

त्याने शेंगा घेतल्या. धुळे येईपर्यंत तो एकेक सोलत राहिला. मोहिनीलाही दिल्या.

गाडी आपोआप थांबते, हे त्यानंतर त्याने फाट्यावर पुन्हा सांगितलं नाही. फाटा जवळ आला की मात्र आरशात बघून केसांवरून कंगवा फिरवू लागला. मोहिनीच्या ते लक्षात आलं होतं.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी धुळ्याला गाडी लागल्यावर तिनेच सांगितलं, "पास झाली, भाऊ. पुढच्या महिन्यापासून ही सीट रिकामी जाईल."

"चांगलं झालं," प्रेमराज म्हणाला. खाली उतरल्यावर थोडा वेळ तो दार धरून उभा राहिला. "फाट्यावर कोणाला तरी सांगायला पाहिजे होतं. रिकामी गाडी पाहून घाबरतील."

"घाबरतील?"

"मग काय. माणूस पाहूनच पाऊल टाकतात ना."

जुन्या मालकांनी, बन्सीलालशेठांनी, त्याला पुन्हा केळीच्या गाडीवर घेतलं. पहिले काही आठवडे सावद्याहून रात्री निघणाऱ्या गाड्या मिळाल्या. सकाळची फेरी मिळाली त्या दिवशी तो घाईने निघाला, आणि पारोळ्याच्या अलीकडे त्याने कंगवा काढला.

फाट्यावर बायका उभ्या होत्या. शेवंताबाई पुढे होती. प्रेमराजने आधीच वेग उतरवला, क्लच दाबला, गाडी थांबवली. मागच्या वाहनांसाठी उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि बायकांकडे पाहून मान हलवली. चला.

कोणी हललं नाही.

शेवंताबाईने डोळ्यांवर हात धरून केबिनकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"अरे, भाऊ तू शे का? गाडी बदलनी तुनी?"

"हां आक्का. चला, निंघा. थांबेल शे मी."

"तू जाय रे भाऊ. तुना माल खराब व्हई." तिने मागच्या बायकांना हाताने अडवून धरलं. "आम्हनी गाडी मांगे येस."

"आक्का, त्या गाडीमा आते कोनीच नही."

"मालूम शे ना," ती सहज म्हणाली. "पयले एक दिवस उभ्याच राहिनूत आम्ही. मंग निंघनूत. आते ते तिना मांगला बी मुकाट थांबतस. तू जाय."

प्रेमराजने आरशात पाहिलं. पांढरा ट्रक त्याच्या मागे येऊन उभा होता, पुरेसं अंतर राखून. त्याने हॉर्न दिला नव्हता. सीट रिकामी होती, आणि त्या ट्रकच्या मागे वाहनांची रांग गुपचूप लागत होती.

त्याची गाडी मधे होती, म्हणून सगळं अडलं होतं.

बाहेर काढलेला हात त्याने आत घेतला आणि पहिला गिअर टाकला.