तिसऱ्यांदा बोअर

शिरूरला गिदोन साळवेचा ट्रक घरासमोर उभा राहून महिना होत आला होता. आधी चढावर निळा धूर सोडायचा, मग ऑइल प्यायला लागला आणि शेवटी न्हावऱ्याच्या अलीकडं कांद्याच्या गोण्यांसकट बसला. मेकॅनिकनं इंजिन खोललं. "सिलिंडर घासलेत. दौंडला बोअरिंगवाल्या साहेबरावाला दाखवा," म्हणाला.

गाडी चालत होती तेव्हा गिदोनच्या दारात सकाळपासून माणसं असायची. कुणाचा माल तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला, कुणाचं लग्नाचं सामान. चहा व्हायचा, बोलणं व्हायचं. गाडी बसली तशी माणसं दुसऱ्या गाडीवाल्याकडं गेली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण बायको प्रेमाबाई वारल्यापासून घरात दुसरं कुणी नव्हतं. रविवारी चर्चमध्ये चार शब्द कानावर पडत, तेवढेच. दुपारी तो केबिनमध्ये जाऊन बसायचा.

एका टेम्पोत इंजिनाचा ब्लॉक घालून तो दौंडला गेला. साहेबरावनं प्रत्येक सिलिंडर मापून बघितला आणि हात पुसत म्हणाला, "मामा, ह्यो आधी दोनदा बोअर झालाय, आतनं कापून मोठा केलाय. अजून कापला तर भिंत पातळ पडंल. फुटंल एक दिवस."

"आन् आत स्लीव्ह बसवली तर?"

"बसंल की. मोठं बोअर मारून आत नवी नळी दाबायची. पण गिअरबॉक्स म्हातारा, चासी म्हातारी. एकटं इंजिन नवं करून काय करताय? मी तुमच्या जागी असतो तर गाडी इकली असती."

गिदोननं ब्लॉकवरून हात फिरवला. "गाडी चालू झाली की माणसं येत्यात," तो म्हणाला.

"म्हंजी भाडं मिळतंय म्हणा की."

"व्हय. तसंच."

"इचार करा दोन दिवस. मी मशीनवर चढवत न्हाई तवर."

त्याची मुलगी रिबेका दौंडलाच रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची. तिनं त्याला ठेवूनच घेतलं. रात्री ताट वाढताना म्हणाली, "बाबा, विकून टाका ती गाडी. इथंच राहा. तिकडं एकट्यानं काय करता?"

गिदोनलाही ते पटलं. सकाळी तिनं त्याचा शर्ट धुऊन दोरीवर टाकला, तेव्हा बरं वाटलं. मग ती शाळेत शिकवायला गेली. जावई जॉन्सन रेल्वेचा ड्रायव्हर, रात्रीची गाडी घेऊन आला होता. तो झोपला. गिदोननं दार हळूच ओढून घेतलं. खुर्ची सरकवली नाही. खोकला आला तो दाबला. पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. बाहेर रेल्वेची इंजिनं डबे ढकलत शंटिंग करत होती, आणि तो संध्याकाळपर्यंत त्या खोलीत बसून होता. रिबेका आली ती वह्या तपासायला बसली. "कंटाळा नाही ना आला?" तिनं विचारलं. "न्हाई, न्हाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. दुपारी तो उठून साहेबरावकडं गेला.

"बसव स्लीव्हा."

रिबेकाला कळलं तेव्हा ती गॅससमोरून वळलीच नाही. "आमच्यापेक्षा ते लोखंड बरं वाटतं का तुम्हाला?"

"तसं न्हाई गं."

"मग कसं?"

ब्लॉक तयार होताच तो शिरूरला परतला.

इंजिन जुळलं, पहिल्या सेल्फला उठलं. धूर नाही, आवाज एकसारखा. शेजारच्या गीताबाई बघायला आल्या, मागोमाग दोघं-तिघं. एकानं लगेच विचारलं, "उद्या माल भरायचा का, मामा?"

"अजून लोड घ्यायचा न्हाई. नवं काम हाय, आधी रिकामी हळूहळू पळवायची."

ते मग दुसरी गाडी बघायला गेले. गिदोन रोज रिकामा ट्रक घेऊन निघायचा. पाबळकडं जायचा, एकदा वढू बुद्रुकला जाऊन आला. बैलगाडी सोडून सगळे त्याच्या पुढं निघून जात. मागं रिकाम्या हौद्यात साखळ्या वाजत. इंजिनाला खोट म्हणून सापडेना.

महिन्याभरानं माल सुरू झाला. दौंडचा पहिला माल उतरवून तो रिबेकाकडं गेला. तिनं चहा दिला. गाडी कशी आहे, हे तिनं विचारलं नाही. तो निघाला तेव्हा आतून एक पिशवी घेऊन आली. "तुमचा शर्ट. तेव्हा राहिला होता."

"असू दे की इथं," तो म्हणाला.

"इथं पडून काय करायचाय?" तिनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि फाटकापर्यंत सोबत आली.

चौफुल्यावर दोन बायकांनी पाट्या खाली ठेवून हात केला. न्हावऱ्याला जायचं होतं. त्या मागं चढायला लागल्या तसं गिदोननं हाक मारली, "फुडं बसा, फुडं. जागा हाय." त्या केबिनमध्ये बसल्या आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल आपसात बोलायला लागल्या. त्याच्याशी त्या काहीच बोलल्या नाहीत. गिदोननं वेग कमी केला आणि ऐकत राहिला.