तळ सुटलेली प्रार्थनापेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि अजून माझा जीव थाऱ्यावर आलेला नाही. पेटीला कसला आलाय जीव, असं म्हणू नका. भर उपासनेत माझा तळ सुटला, त्या दिवशी बसलेला धक्का लाकडालाही सोसवत नाही. पण सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म एका मोडक्या बाकाच्या फळ्यांतून झाला. चर्चच्या दुरुस्तीला आलेल्या सुतारकाकांनी मला घडवलं. झाकणाला बोटभर फट ठेवली, तळाला खाचेतून सरकणारी फळी बसवली. "बाक होतीस तेव्हा तुझ्यावर लोक पेंगायचे," काका म्हणाले, "आता तू तरी जागी राहा."

वेदीच्या डाव्या हाताला, खिडकीखालच्या स्टुलावर मला जागा मिळाली. शेजारी कागदांची चळत आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल, त्याने चिठ्ठी लिहून माझ्या पोटात टाकायची. उपासना संपत आली की पाळकसाहेब आणि मंडळीतले बारा-पंधरा जण माझ्यावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे. पाळकसाहेब म्हणायचे, "प्रभू, आत जे जे आहे ते तू जाणतोस." सगळे म्हणायचे, "आमेन."

चिठ्ठ्या मात्र कोणी वाचायच्या नाहीत, हा कडक नियम. फार पूर्वी एकीची चिठ्ठी कोणीतरी वाचली आणि संध्याकाळच्या आत तिच्या घरातलं भांडण गल्लीभर झालं. तेव्हापासून ठरलं, माणसाने लिहायचं, देवाने वाचायचं, मध्ये कोणी नाक खुपसायचं नाही. वर्षाच्या शेवटी माझ्यावर पांढरं कापड टाकून तळ सरकवायचे आणि चिठ्ठ्या न बघता अंगणात जाळायचे. धूर वर जायचा, लोकांचे डोळे भरून यायचे. माझाही ऊर भरून यायचा. खोटं कशाला बोलू, थोडा गर्वही व्हायचा.

मला अक्षरं कळत नाहीत, पण बोटं कळतात. टेलरबाईची बोटं सुईने टोचून खरखरीत झालेली. ती शेवटच्या गीताला धापा टाकत यायची, कपडे बेतायच्या खाकी कागदाची चिठ्ठी टाकायची आणि तशीच पळायची. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. पडल्याचं निमित्त झालं आणि त्याचे दोन्ही पाय लुळे पडले.

"कसे आहेत?" लोक विचारायचे.

"आहेत."

"आम्ही प्रार्थना करतोय हं!"

"हो, करा."

एका रविवारी पाळकसाहेबांनी फार सुंदर प्रवचन केलं. लुळ्या मित्राला खाटेवरून उचलून, छप्पर उघडून प्रभूपुढे उतरवणाऱ्या चौघांचं. त्या दिवशी कधी नव्हे ती लवकर आलेली टेलरबाई मध्येच उठून बाहेर गेली. मागच्या बाकावर कुजबूज झाली, "किती हळवी आहे नाही!"

त्यानंतर दोन रविवार ती आलीच नाही.

तिसऱ्या रविवारी नेहमीप्रमाणे माझ्यावर हात पडले. ऑर्गनवाले काका अंगाने भरभक्कम. भक्तीच्या भरात त्यांनी जरा जास्तच भार टाकला. स्टूल कलंडलं, तळाची फळी खाचेतून सटकली आणि दहा महिन्यांच्या चिठ्ठ्या भसाभस जमिनीवर सांडल्या.

"डोळे मिटा!" पाळकसाहेब ओरडले. "सगळ्यांनी डोळे मिटून उचला!"

मग काय विचारता! चांगली शहाणीसुरती माणसं डोळे मिटून गुडघ्यांवर चाचपडू लागली. पाळकसाहेबांचं आणि ऑर्गनवाल्या काकांचं डोकं आपटलं.

"अहो, तो माझा अंगठा आहे, चिठ्ठी नाही!"

नर्सबाईंनी मात्र डोळे मिटले नव्हते. उभा जन्म इस्पितळात काढलेली बाई. त्या म्हणाल्या, "थांबा. हा एकच खाकी कागद किती वेळा?"

"बाई, वाचू नका!"

"वाचलं मी. लागायचं ते पाप लागलं." आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "प्रभू, यांना चर्चला यायचंय. तीन जिने आहेत. मला एकटीला उचलवत नाहीत. चार माणसं पाठव."

दुसरी उचलली. तेच. तिसरी, तेच. अडतीस चिठ्ठ्यांवर तेच. शेवटची तेवढी वेगळी होती. "प्रभू, आता हे नकोच म्हणतात. भिंतीकडे तोंड करून पडतात, जेवत नाहीत. म्हणतात, चार माणसं आता एकदाच येतील."

मित्रांनो, मी उलटी पडले होते, म्हणून मला सगळ्यांचे चेहरे दिसले. एकाचाही रंग जागेवर नव्हता. देवाने माणसं पाठवली नव्हती असं कसं म्हणू? दर रविवारी पाठवत होता. चार मागितली, तर पंधरा उभी करत होता. आणि ती माझ्यावर हात ठेवून, डोळे मिटून, आमेन म्हणून घरी जात होती!

"त्या चौघांवर बोललो मी," पाळकसाहेब पुटपुटले. "तिच्या तोंडावर."

"तीन जिनेच ना?" ऑर्गनवाले काका उठले. "चला."

"अहो, आशीर्वाद व्हायचाय अजून!" कोणीतरी म्हणालं.

"तो तिकडे देऊ."

पाळकसाहेब इतके भांबावले होते की मला काखेत घेऊनच निघाले. दोन गल्ल्या ओलांडून लाँड्रीच्या मागची इमारत. जिना अंधारा, अरुंद. वर शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो दारावरच्या थापेने थांबला. टेलरबाईने दार उघडलं. गळ्यात टेप, दातांत टाचणी. एवढी माणसं बघून तिने टाचणी काढली.

"कोण गेलं?"

"कोणी नाही," पाळकसाहेब म्हणाले. "आम्हाला कळलंच नाही, बाई. एकदा तोंडाने सांगायचंत तरी."

"कसं सांगणार?" ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही प्रार्थना करत होतात ना."

नर्सबाई तिच्या शेजारून सरळ आत गेल्या, मागोमाग ऑर्गनवाले काका आणि आणखी तिघं. अंथरुणातल्या माणसाने भिंतीकडची मान वळवली आणि चौघांना मोजलं.

"आलात? अहो, जिवंत आहे अजून. खेप फुकट गेली तुमची."

"आडवं न्यायला नाही आलो," ऑर्गनवाले काका खाली वाकत म्हणाले. "बसवून न्यायला आलोय."

त्याने वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. नाही म्हणाला असता, तर त्याला बोल कोण लावणार होतं?

मग तो बायकोला म्हणाला, "ऐकलंस का? दाढीचं सामान दे."

हातांत हात गुंफून खुर्ची केली आणि तीत बसवून चौघांनी त्याला खाली आणलं. नर्सबाई पुढे उलट्या पावलांनी उतरत, "सावकाश, पाय आधी, ढोल नाहीये तो!" असं ओरडत होत्या. त्या दिवशी उपासना पहिल्या गीतापासून पुन्हा झाली. टेलरबाई दुसऱ्याच ओळीला नवऱ्याच्या खांद्यावर झोपली. कोणी उठवलं नाही.

माझी दुरुस्ती करायला सुतारकाका काठी टेकत आले. "तळ पक्का ठोकू?"

"बिजागरी लावा," पाळकसाहेब म्हणाले. "आता दर रविवारी उघडायचीय."

ज्याला गुपित ठेवायचंय तो चिठ्ठीवर फुली मारतो, ती कोणी उघडत नाही. बाकीच्या वाचतात आणि "हे मी करतो" असं कोणी म्हटल्याशिवाय आमेन होत नाही. टेलरबाईच्या नवऱ्याने टाकलेली पहिली चिठ्ठी मला पाठ आहे. "हिला आठवड्यातून एक दुपार झोपू दे." नर्सबाई म्हणाल्या, "मंगळवार माझा."

मित्रांनो, तरीही तो जुना धूर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यात कोणाकोणाची चार माणसं जळून गेली, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून हात जोडायला हात नसलेली मी तुम्हाला विनवते. प्रार्थना करा, गुडघे टेकून, मनापासून करा. देव ऐकतोच. पण आमेन म्हणायची घाई करू नका. आधी विचारा, जिने किती आहेत?