नऊ नावांचं पान

मी एक जुनी नोंदवही आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, वहीला कसलं आलंय आयुष्य. पण माझ्या पोटात एका अख्ख्या गावाचे जन्म, लग्नं आणि मृत्यू आहेत. एवढं पोटात ठेवून गप्प बसणं माणसालाही जमत नाही.

माझा जन्म सेंट जॉन्स शहरातल्या एका छापखान्यात झाला. मिठाच्या आणि पिठाच्या पिंपांबरोबर गलबतातून मी हॅगडाउनला आले. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचं हे सोळा घरांचं गाव. खडक, कॉड मासे आणि वारा यांची तिथे कधी टंचाई नव्हती, बाकी सगळ्याची होती. वाटेत माझं पुठ्ठ्याचं कव्हर भिजून गेलं, तेव्हा एझ्रा पार्डी नावाच्या कोळ्याने सीलच्या कातड्याचं नवं कव्हर मला शिवून दिलं. मला हात लावण्याआधी लोक आपले हात पुसत. पार्सन, म्हणजे आमचा पाद्री, वर्षातून दोनदा होडीने येई आणि मधल्या काळात जन्मलेल्यांच्या व मेलेल्यांच्या नोंदी एकाच बैठकीत उरकी. हिवाळ्यात दौतीतली शाई गोठलेली असे. ती आधी शेगडीवर ठेवावी लागे.

एझ्राची पहिली मुलगी डोर्कस. सात महिन्यांची असताना ती घटसर्पाने गेली. तिचा जन्म आणि मृत्यू माझ्या एकाच पानावर आहे. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी झाली, तिचंही नाव डोर्कसच ठेवलं. आमच्याकडे रीतच तशी, गेलेल्या लेकराचं नाव वाया घालवत नाहीत. ही दुसरी डोर्कस पुढच्या पानावर आली, गावातल्या आणखी आठ लेकरांबरोबर.

ही डोर्कस जगली. गावात धड शाळा नव्हती, त्यामुळे ती वाचायला शिकली नाही. पण ओबेद हॅनशी लग्न झाल्यावर चर्चची झाडलोट तिच्याकडे आली आणि मला पुसणारा हात तिचाच झाला. तिच्याइतकं मला कोणी जपलं नाही. मला फाडलंही तिनेच.

त्या वर्षी हिवाळ्याआधीचं शेवटचं गलबत वादळामुळे आलंच नाही. मार्चमध्ये घरोघरी पिंपांचा तळ दिसू लागला. डोर्कसला तीन मुलं होती. धाकटी रडायची थांबली होती, आणि उपाशी मूल रडायचं थांबतं ही फार वाईट गोष्ट असते. अशात ईशान्येच्या वाऱ्याने समुद्रातला बर्फ किनाऱ्याला लागला आणि बर्फावर सील दिसले. ओबेदकडे ठासणीची बंदूक होती, दारू होती, छरे होते. दारूवर ठासायला कागदाचा किंवा काथ्याचा बोळा मात्र नव्हता. होता नव्हता तो काथ्या होडीच्या फटींत गेला होता.

दोघं धावत चर्चमध्ये आली.

"मागचं कोरं पान घे," दारातून ओबेद म्हणाला.

"कोरं कशाला? ते पुढच्या लेकरांना लागेल," डोर्कस म्हणाली. "भरलेल्या पानाचं काम झालंय की."

मित्रांनो, तिचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. हाताला लागलं ते पान तिने उपटलं. त्यावर नऊ नावं होती आणि त्यातलं चौथं तिचं स्वतःचं होतं. मी ओरडू शकले नाही. पानाचे बोळे झाले आणि बर्फावर धुरात गेले. त्या दिवशी चार सील मिळाले आणि तिची तिन्ही मुलं वाचली.

पुढे चाळीस वर्षांनी आमचा देशच बदलला. न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं आणि जागचे न हलता आम्ही कॅनडात गेलो. सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला आता दरमहा पेन्शन मिळणार होती, फक्त जन्माचा पुरावा हवा होता. ओबेदला समुद्राने नेलं होतं, मुलं पोटामागे पांगली होती आणि त्यांचंच भागत नव्हतं. डोर्कस लोकांचे मासे खारवून कसेबसे दिवस काढत होती. सत्तरी भरली तशी ती ठेवणीतला कोट घालून तरुण पार्सन विन्सरकडे आली.

"काढा माझं नाव," ती म्हणाली.

त्याने मला उघडलं आणि तो अवघडला. "डोर्कसमावशी, इथे एकच डोर्कस आहे. ती सात महिन्यांची असताना गेली."

"ती माझी बहीण. मी तिच्या पाठची. नाव तिचं, पाळणा तिचा, अंगडं-टोपडं तिचं. माझं असं होतंच काय मेलं?"

त्याने पान उलटलं. शिवणीजवळ नुसती फाटकी कड होती. "इथलं पान कुठे गेलं?"

डोर्कसने त्या कडेवरून बोट फिरवलं.

"ते पान आम्ही खाल्लं," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं.

पार्सन भला माणूस. त्याने शहरातल्या कचेरीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की जन्म आठवणाऱ्या माणसाची शपथ आणा. त्या वयाचा गावात एकच उरला होता, नव्वदीचा हेझकायाकाका. मला घेऊन दोघं त्याच्या शेगडीपाशी जाऊन बसली.

"एझ्राची डोर्कस?" काका म्हणाला. "ती तान्हेपणीच गेली हो. तिची शवपेटी मीच ठोकली."

"काका, मी समोर बसलेय."

"तू होय? तू ओबेदची बायको. तुला न ओळखायला काय झालं?"

काकाच्या घरातले हसले. डोर्कसही हसली. मग मला छातीशी धरून चर्चमध्ये परत ठेवायला तीच आली. कव्हरावरची बापाची शिवण तिने बोटांनी चाचपली.

"बाबा, तूच सांग की त्यांना," ती म्हणाली.

पत्रं जात राहिली, येत राहिली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये शेजारणीला ती विझलेल्या शेगडीजवळ सापडली. पार्सनने शाई गरम केली आणि माझ्यात लिहिलं, 'डोर्कस, ओबेद हॅनची विधवा, वय एकाहत्तर.' हे वय कशावरून लिहिलं, असं त्याला कोणी विचारलं नाही. मरायला पुरावा लागत नाही.

नंतर सरकारने लहान गावं हलवली, तसं हॅगडाउनही उठलं. लोकांनी आपली लाकडी घरं ओंडक्यांवरून पाण्यात ढकलली आणि होड्यांनी ओढून दुसऱ्या गावी नेली. थडगी मागेच राहिली. मी शहरातल्या अभिलेखागारात आले. आता मी करड्या खोक्यात असते. माझी निगा उत्तम राखतात, पण वर्षानुवर्षं मला कोणी उघडत नाही.

मध्ये एकदा मात्र एक तरुणी आली. डोर्कसच्या त्या रडायची थांबलेल्या धाकटीची ती नात. पणजीचा जन्म शोधत होती.

"इथे डोर्कस एकदाच जन्मलीय आणि दोनदा मेलीय," ती म्हणाली. "असं कसं?"

"मधलं पान नाहीये," तिथला कारकून म्हणाला. "उंदरांनी खाल्लं असेल."

उंदरांनी नाही गं पोरी. तुझ्या आजीने खाल्लं, म्हणून तू इथे उभी आहेस.

मित्रांनो, कागद जपा असं कुठलीही वही तुम्हाला सांगेल. मला तेवढंच सांगून भागणार नाही, कारण लेकरू उपाशी असेल तर पान फाडावंच लागतं. माझी विनंती एवढीच की फाडण्याआधी ते कोणाकडून तरी वाचून घ्या, आणि त्यावर कोण कोण होतं ते पाठ करून ठेवा. माझी नऊच्या नऊ नावं मला अजून पाठ आहेत. त्या दिवशी विचारणारी समोर होती, पण वहीला तोंड नसतं. तिने मला हळूच मिटलं आणि खोक्यात ठेवलं.